ओढायला ओढेल, पण थांबवेल का? गाडी आणि कॅरावॅनची जोडी जमवताना

प्रश्न थोडक्यात असा. घरी डिझेल, मॅन्युअल गिअरची इनोव्हा क्रिस्टा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून चौदा फुटी कॅरावॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बांधून घ्यायचं ठरतंय. तो म्हणतो, "अकराशे किलोत बसवतो, गाडीला कळणारसुद्धा नाही." घरची पाच माणसं, त्यात आईवडील. बेत आहे गगनबावड्यातून खाली उतरून कोकणात जायचा. ही जोडी जमेल का?

आत्ता जशी ठरवलीय तशी नाही जमणार. वजन उतरवलं, कॅरावॅनला स्वतःचे ब्रेक घेतले आणि पहिल्या वर्षी भुईबावडा, करूळ हे घाट टाळले, तर विचार करता येईल. मी ट्रेलर बांधतो: जनरेटरचे, बोटींचे, घोड्यांचे, आणि अलीकडे कॅरावॅनचे. या धंद्यात "ओढेल का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि "थांबेल का?" हा क्वचितच कुणी. क्रिस्टाच्या २.४ लिटर इंजिनला ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, आहे. ओढायचं म्हटलं तर ती दोन टनही जागेवरून हलवेल. त्यामुळे फॅब्रिकेटर खोटं बोलत नाही. तो फक्त सोप्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि टोइंगचं पान वाचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडाच नसतो, आणि काहींत ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. मग लोक इंटरनेटवरून परदेशातला आकडा उचलतात. स्कॉर्पिओ ऑस्ट्रेलियात विकली जाते आणि तिथे तिला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी अडीच हजार किलोची मान्यता आहे, हे खरं. पण ती मान्यता तिथल्या गाडीला, तिथल्या टो-बारसकट (ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे बसवतात तो दांडा) दिलेली आहे. इथल्या आरसीला ती चिकटवता येत नाही. तेव्हा तुमच्या गाडीबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. 'नाही' असं आलं तर पुढचं सगळं वाचून सोडून द्या आणि चाकांवरचं घर हवंच असेल तर स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटार-कॅरावॅन भाड्याने घ्या. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तेच पान उघडतो.

उत्तर 'हो' आलं, किंवा आकडा मिळाला, असं धरून पुढे जाऊ.

फॅब्रिकेटर सांगतो ते अकराशे किलो म्हणजे रिकाम्या खोक्याचं वजन. बहुतेक वेळा तेही अंदाजाने, चॅनेल आणि पत्र्याच्या वजनावरून काढलेलं. त्यात काय काय चढतं ते बघा. पाणी लिटरला किलो, म्हणजे शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो. घरच्या इन्व्हर्टरसारखी ट्यूबलर बॅटरी टाकली तर एकच पन्नास-साठ किलोची. १८ मिलिमीटर प्लायवूडची आठ बाय चारची शीट तीस-पस्तीस किलो भरते, आणि सुतार मोकळा सुटला तर बेड, कपाटं, बाकडी मिळून अशा सात-आठ शीट सहज जिरवतो. वरून सनमायका वेगळा. एका गृहस्थांनी ओट्यावर ग्रॅनाईट मागितला होता. ग्रॅनाईट साडेचार किलो चौरस फुटाला जातो, म्हणजे बारा चौरस फुटांच्या ओट्यात एक माणूस बसला. कोल्हापूरकराला वजन कमी करा म्हटलं की तो सगळं कमी करेल, पण तांबड्या-पांढऱ्याचं मोठं पातेलं आणि दोन शेगड्या सोडणार नाही. अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, तंबू, किराणा, आईवडिलांच्या गाद्या हे सगळं धरलं की तुमची अकराशेची कॅरावॅन निघताना चौदाशेवर जाणार.

आता चौदाशे म्हणजे जास्त की कमी? ब्रिटनमधल्या कॅरावॅन क्लबांनी रूढ केलेला एक नियम जगभर फिरतो: भरलेली कॅरावॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, निदान नवख्याने तरी, आणि कितीही मुरलेला ड्रायव्हर असला तरी शंभर टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. तुमच्या गाडीचं रिकामं वजन आरसीवर लिहिलेलं आहे. हिशेबासाठी १८०० किलो धरू. ८५ टक्के म्हणजे १५३०. त्या नियमाने चौदाशे पास होतं.

मी पास करणार नाही. ८५ टक्के ही सल्ल्याची कमाल मर्यादा आहे, आणि तीसुद्धा गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा त्याहून कमी नसेल तर. शिवाय तो नियम जिथे रुजला तिथे ट्रेलरला ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत, बॉलपासून प्लगपर्यंत सगळं प्रमाणित मिळतं आणि कॅरावॅनवाला बहुतेक वेळ लेन पाळणाऱ्या रस्त्यावर असतो. आपल्याकडे वळणावर समोरून एसटी अर्धा रस्ता घेऊन येते, उतारावर म्हैस उभी असते आणि खड्डा चुकवायला स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागतं. असा झटका मागच्या ट्रेलरला सगळ्यात वाईट. माझं मत असं: घाटात न्यायची असेल आणि ड्रायव्हर नवा असेल तर ६० ते ६५ टक्क्यांवर थांबा. तुमच्या बाबतीत भरलेली कॅरावॅन १०८० ते ११७० किलो. म्हणजे खोकं आठशे, फार तर साडेआठशेचं हवं. चौदा फूट हवेच असतील तर अॅल्युमिनियमची फ्रेम, सँडविच पॅनेल आणि लिथियमची बॅटरी घ्यावी लागेल. पैसे जास्त जातील. नाहीतर दहा-अकरा फुटांवर या. मी अकरा फुटांवर येईन.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ८५ टक्के काय किंवा ६० टक्के काय, यातलं गाडीचं वजन रिकाम्या गाडीचं धरायचं आणि कॅरावॅनचं भरलेलं. उलटं करून समाधान करून घेणारे खूप भेटतात.

आता बॉलवरचं वजन. कॅरावॅनची दांडी टो-बारच्या बॉलवर किती किलोने दाबते, ते. माझ्या मते अर्धी सुरक्षितता इथे आहे, आणि आपल्याकडे कुणी मोजतच नाही.

उसाचा ट्रॅक्टर बघितलाय ना? ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूला जास्त भरला की दांडी हुकावर दाबते, आणि चढ लागला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. मागे जास्त भरला तर उलटं. दांडी हुकाला वर उचलते, ट्रॉली मागून मोकळी झुलते आणि शेपूट मारायला लागते. कॅरावॅनचं हेच आहे, फक्त वेग तिप्पट, त्यामुळे चुकीची शिक्षाही त्या मानाने.

युरोपात बॉलवरचं वजन भरलेल्या कॅरावॅनच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अमेरिकेत ओढणारी गाडी लांब चासीची पिकअप असते आणि वेगही जास्त. तुम्ही सातच्या जवळ राहा. ११५० किलोच्या कॅरावॅनला ८० किलो. पण टो-बारची आणि गाडीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल, समजा ७५, तर तीच पाळायची.

हे ८० किलो गाडीला ८० म्हणून लागत नाहीत, हेही कळू द्या. बॉल मागच्या एक्सलच्या मागे असतो. क्रिस्टाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, २७५० मिलिमीटर, आणि बॉल मागच्या एक्सलपासून साधारण ११०० मिलिमीटर मागे आला असं धरू. तरफेच्या हिशेबाने मागच्या एक्सलवर ११२ किलो चढतात आणि पुढच्या चाकांवरून ३२ किलो उतरतात. डिक्कीत सामान असेल तर आणखी. गाडी मागून बसते, हेडलाईट आभाळात जातात, स्टिअरिंग हलकं लागतं. क्रिस्टाची ताकद मागच्या चाकांना जाते म्हणून चढावर निभावतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, हायक्रॉस किंवा क्रेटासारखी, तर पावसात घाट चढताना तीच चाकं हलकी होऊन जागेवर फिरतात.

शिवाय हे ८० किलो गाडीच्या पासिंग वजनात, म्हणजे भरलेल्या गाडीच्या मान्य कमाल वजनात, मोजायचे. पाच माणसं साडेतीनशे किलो, डिक्कीत साठ, टो-बार पंचवीस, बॉलवर ऐंशी. पाचशेच्या वर गेलात. सहावा पाहुणा मधल्या रांगेत कोंबायचा नाही.

मोजायचं कसं? दोन वाटा आहेत, दोन्ही करा.

पहिली घरची. सपाट जागेवर कॅरावॅन उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. कपलरच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला बॉलवर बसणारी वाटी असते तिच्या, बरोबर खाली बाथरूमचा वजनकाटा ठेवून त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा. ठोकळ्याची उंची अशी, की कपलर त्यावर टेकल्यावर कॅरावॅन आडवी अगदी समतल राहील, म्हणजे गाडीला जोडल्यावर असते तशी. जॉकी व्हील (दांडीखालचं टेकूचं चाक) हळूहळू वर घ्या, ते जमिनीपासून सुटलं की काट्यावरचा आकडा वाचा. सामान भरलेलं असताना करायचं, रिकामी असताना नव्हे. आकडा कमी आला तर जड डबे एक्सलच्या थोडे पुढे सरकवा, जास्त आला तर मागे. पण मागे म्हणजे एक्सलपर्यंतच. मागच्या भिंतीला काही जड टांगून हिशेब जुळवायचा नाही, त्याचं कारण पुढे येतंय.

दुसरी वाट वजनकाट्याची. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, मार्केट यार्डाच्या आसपास काटे आहेत. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग असते, दुपारच्या निवांत वेळी जा. माणसं, डिझेल, सामान, सगळं प्रवासाला निघाल्यासारखं भरून तीन वजनं करायची. आधी एकटी गाडी. मग जोडलेलं सगळं, गाडी आणि कॅरावॅन दोन्ही काट्यावर. मग जोडलेलंच, पण गाडी तेवढी काट्यावर आणि कॅरावॅनची चाकं बाहेर जमिनीवर. समजा आकडे आले २२३०, ३४८० आणि २२९०. दुसऱ्यातून पहिला वजा: कॅरावॅन १२५० किलो. तिसऱ्यातून पहिला वजा: बॉलवर ६०, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. दुसऱ्यातून तिसरा वजा: कॅरावॅनच्या एक्सलवर ११९०. तीन पावत्यांत तुमची सगळी कुंडली. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोचा फरक पडतोच, म्हणून बॉलवरचा बारीक आकडा घरच्या काट्यावरचा धरा आणि एकूण वजन या पावतीवरचं.

एक्सलवरचा आकडा टायरसाठी लागतो. ११९० म्हणजे एका चाकावर ५९५. टायरवर लिहिलेला लोड इंडेक्स ८८ असेल तर तो ५६० किलोचा, पहिल्याच दिवशी कमी पडला. ९१ म्हणजे ६१५, काठावर. ९८ म्हणजे ७५० किलो, तो घ्या. जुने कारचे टायर 'चालतील की' म्हणून ट्रेलरला बसवायची आपल्याकडे पद्धत आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. कॅरावॅन वर्षातले दहा महिने उभी असते, नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हात तडकतं. नक्षी बघून फसू नका, तारीख बघा.

आता शेपूट मारणं. मागून लक्झरी बस जोरात ओव्हरटेक करते. आधी तिच्या पुढची हवा कॅरावॅनच्या भिंतीला ढकलते, मग बाजूने जाताना ओढून घेते. कॅरावॅन डावी-उजवीकडे डोलते. जोडी नीट असेल तर दोन हेलकाव्यांत शांत होते. नसेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर गाडीला फिरवतो. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, त्याच्या खाली हेलकावे विरतात आणि वर वाढतात. बॉलवरचं वजन कमी, कॅरावॅन गाडीच्या मानाने जड, टायरमध्ये हवा कमी, यातलं काहीही झालं की तो वेग खाली येतो. आणि जड वस्तू टोकांना असल्या की फार खाली येतो. मागे पाण्याची टाकी आणि पुढे दोन बॅटऱ्या ठेवून बॉलवरचा आकडा अगदी बरोबर आणता येतो, पण एकदा फिरायला लागलेलं ते धूड थांबता थांबत नाही. म्हणून जड सगळं खाली, एक्सलवर. स्टेपनी मागच्या भिंतीवर रुबाबदार दिसते, तिला चासीखाली घाला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात कपडेच, डाळ-तांदूळ नाहीत.

गाडीच्या बाजूने व्हीलबेस लांब आणि बॉल मागच्या एक्सलच्या जवळ, हे चांगलं. तीन दरवाजांच्या थारमध्ये ताकद भरपूर, पण व्हीलबेस २४५० मिलिमीटर. चिखलातून ट्रेलर बाहेर काढायला मी थार घेईन, महामार्गावर कॅरावॅन न्यायला क्रिस्टा.

आणि डोलायला लागलीच तर? अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, बस. हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग मारू नका, तुमचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि हेलकावा वाढवतो. गाडीचा ब्रेक कचकन दाबू नका. वेग वाढवून ती सरळ होते असं सांगणारे शहाणे भेटतील, त्यांना नमस्कार करा. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल तर त्याच्या हाताच्या खटक्याने फक्त कॅरावॅनचे ब्रेक लावा, ती मागून ताणली जाते आणि सरळ येते. चार पदरी रस्त्यावर मी स्वतः साठ-पासष्टच्या वर जात नाही. मागून हॉर्न वाजवणारे वाजवतात.

म्हणून ब्रेकची गोष्ट. तुमच्या वजनाला कॅरावॅनचे स्वतःचे ब्रेक हवेतच. फॅब्रिकेटर म्हणेल, "हजार किलोला कशाला?" त्याला एक हिशेब सांगा. गाडी आणि कॅरावॅन मिळून साडेतीन टन. घाटात ५०० मीटर उंचीवरून खाली आलात तर जी ऊर्जा कुठे तरी जिरवायची आहे, तिच्यात ५५ लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता चार डिस्क-ड्रममध्ये ओतली की लायनर वास सोडतं, ब्रेक ऑईल उकळतं आणि पेडल खाली जातं. इंजिनाने धरलं तर बरीचशी तिकडे जाते, उरलेली तरी सहा चाकांत वाटली जावी.

ब्रेक दोन जातीचे. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी हळू झाली की कॅरावॅन पुढे ढकलते, दांडीतला दट्ट्या आत जातो आणि केबलने ब्रेक लागतात. साधा, विजेची भानगड नाही. पण लांब उतारावर कॅरावॅन सतत ढकलत असते, त्यामुळे तिचे ड्रम सतत घासत राहतात आणि तापतात. शिवाय चढावर रिव्हर्स घेताना तो स्वतःच लागतो, म्हणून मागे जाताना आपोआप मोकळं होणारं ऑटो-रिव्हर्सचं ड्रम हवं. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, पण किती जोर लावायचा ते तुमच्या हातात. घाटासाठी मी इलेक्ट्रिक घेईन. कोणताही घ्या, ब्रेक-अवे मात्र हवाच: कपलर सुटला तर तार खेचली जाऊन कॅरावॅनचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. ही तार गाडीच्या पक्क्या जागी अडकवायची. बॉलच्या मानेभोवती नुसती टाकली तर बॉलसकट घसरून जाते. सोबत दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींवर तिरक्या.

टो-बारबद्दल थोडं कठोर बोलतो. बाजारात गाडीच्या मागे शोभेला लावतात ते हूक कॅरावॅनसाठी नाहीत. टो-बार चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना, अनेक ठिकाणी, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने बसला पाहिजे. चासीला वेल्डिंग नाही. तापलेल्या जागी पोलाद ठिसूळ होतं आणि चीर वेल्डच्या कडेने जाते, तीही खालच्या बाजूने, दिसत नाही. टो-बार किती ताण घेईल त्याचा आकडा असतो, डी-व्हॅल्यू. गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरचं वजन टनांत घ्या, दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, गुणिले ९.८१. गाडी २.४ टन आणि कॅरावॅन १.२ टन असेल तर ७.८५ किलोन्यूटन. टो-बारच्या पट्टीवर याहून मोठा आकडा कोरलेला हवा. पट्टीच नसेल तर तो बार बनवणाऱ्याला कॅरावॅन ओढायला सांगा.

बॉल ५० मिलिमीटरचा की दोन इंची, हे कपलरशी जुळवून घ्या. दोन इंच म्हणजे ५०.८. पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर बसल्यासारखा बसतो, कुलूपही लागतं, आणि खड्ड्यात उडी मारून बाहेर येतो. बॉल झिजून ४९ च्या खाली गेला की बदला. उंचीही बघा: युरोपात भरलेल्या कारच्या बॉलचं केंद्र जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर असतं. आपल्या उंच एसयूव्हींना बार वर लागतो, मग कॅरावॅन नाक वर करून चालते आणि बॉलवरचं वजन पळून जातं. दांडीची उंची आधी गाडीवरून मोजून मग चासी कापायला लावा. ही चूक नंतर दुरुस्त करायला फार महाग पडते.

कागदपत्रं पटकन सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. ७५० किलोपर्यंत टी-१ वर्ग, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२. राज्याने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं म्हणून तुमचा ट्रेलर आपोआप पास होत नाही. चॅनेलचा पहिला तुकडा कापायच्या आधी आरटीओत जाऊन नोंदणी कशी होणार ते विचारा आणि फॅब्रिकेटरकडून नमुना मंजुरीचं लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

उरला घाट. भुईबावडा अरुंद आहे, समोर गाडी आली तर कॅरावॅनसकट मागे घ्यायची वेळ येते, तिथे जाऊच नका. करूळ त्यापेक्षा बरा, पण पहिल्या फेरीचा नव्हे. आधी निपाणीकडे जाऊन तवंदी घाट चढा-उतरा, रस्ता रुंद आहे. मग आंबा घाटाने रत्नागिरीकडे, पावसाळा सोडून, सकाळी उजेडात. उसाच्या हंगामात रात्रीचा प्रवास नको, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा उशीर झालेला असतो आणि तुम्हाला आता एकट्या गाडीइतक्या अंतरात थांबता येत नाही.

उतरताना घाट सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही. चाळीसपर्यंत गेली की दाबून पंचवीसवर आणा, सोडा, पुन्हा. वळणावर कॅरावॅन आतून कापते, म्हणून गाडी थोडी बाहेर नेऊन मग वळवा. अर्ध्या घाटात रुंद जागा बघून थांबा आणि उतरून चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एका बाजूला झळ जास्त लागली तर त्या ड्रमचं लायनर धरून राहिलंय.

रिव्हर्स मात्र सोसायटीच्या गेटवर शिकू नका. रविवारी एखादं मोकळं मैदान गाठा, दोन रिकामे ड्रम ठेवा. स्टिअरिंग खालून धरा: हात डावीकडे गेला की कॅरावॅनचं बूड डावीकडे जातं. कुणी तरी खाली उतरून मागे उभं राहू दे, पण ड्रायव्हरला आरशात दिसेल असं.

फॅब्रिकेटरकडून आता चार गोष्टी लेखी मागा: रिकाम्या खोक्याचं हमीचं वजन, एक्सलची क्षमता, ब्रेकचा प्रकार आणि दांडीची उंची. वजनापुढे "अंदाजे" असं लिहिलं तर अॅडव्हान्स देऊ नका. सांगाडा तयार झाला की प्लायवूड चढायच्या आधी एकदा काट्यावर न्या, तेव्हाच कळतं सुताराला किती किलोची मुभा आहे ते. आणि सगळं भरून झाल्यावरच्या त्या तीन पावत्यांचे आकडे, आरसीवरचं रिकामं वजन आणि टो-बारच्या पट्टीवरचा आकडा कळवा, मग करूळचं बघू.